दिगूभाऊंचं सँपल

दिगूभाऊ सावंत मला नावानं हाक मारत नाहीत. ते मला ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी माझ्या उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा अगदी काठावर आला. तो रिपोर्ट त्यांनीच घरी आणून दिला आणि जाता जाता माझं बारसंही उरकून गेले. मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यातल्या आमच्या सोसायटीत अठ्ठावीस बिऱ्हाडं आहेत, पण दिगूभाऊंच्या लेखी तिथे माणसं राहत नाहीत, आकडे राहतात. माझी बायको मेधा म्हणजे ‘हिमोग्लोबिन साडेनऊ’. आमचे सेक्रेटरी नाडकर्णी, ज्यांच्यासमोर वॉचमन टोपी नीट करतो, ते ‘युरिक अ‍ॅसिड’. “काय रे बॉर्डरलाइन, युरिक अ‍ॅसिड घरात आहे काय?” असं ते जिन्यातून ओरडून विचारतात, आणि वाईट म्हणजे मला ते कळतं.

दिगूभाऊ बावीस वर्षं घाटकोपरच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त आणि लघवी गोळा करायचे. सकाळी सहाला स्कूटरला थंड पेटी अडकवून निघायचे ते भांडुप, कांजूर, विक्रोळी करत दहाला लॅबमध्ये पोचायचे. डॉक्टरांनाही शीर सापडत नाही अशा म्हातारीच्या हातात त्यांची सुई पहिल्या झटक्यात जायची. पण त्यांचा जीव सुईत नव्हता, लेबलात होता. बाटलीवर नाव, वय, तारीख, वेळ हे सगळं पेशंटच्या डोळ्यांदेखत लिहायचं, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं आणि मगच बाटली पेटीत टाकायची. ‘आधी लेबल, मग माणूस’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. लग्नाची पत्रिका आली तरी ते आधी पाकिटावरचं नाव तपासतात. सख्ख्या मेव्हण्याच्या मुलीची पत्रिका त्यांनी दोनदा परत पाठवली, कारण त्यावर ‘डी. एस. सावंत’ होतं आणि ते डी. एम. आहेत.

यामागे एक कथा आहे आणि ती ते कुणालाही ऐकवतात. भांडुपच्या एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांचं सँपल दुसऱ्या कुठल्याशा लॅबच्या माणसानं नेलं आणि लेबलांची अदलाबदल केली. आजोबा गरोदर निघाले. “हसू नको,” दिगूभाऊ सांगतात, “त्या म्हाताऱ्यानं तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. एकटाच विचार करत बसला होता.”

मग ती घाटकोपरची लॅब एका मोठ्या कंपनीनं घेतली. नवे मालक म्हणाले, एका घरात नऊ मिनिटं. दिगूभाऊंना नुसतं लेबल वाचून घ्यायला अकरा लागायची. त्यातून पेशंटनं मोबाइलवर तारे द्यायचे आणि दिगूभाऊंना तारे मिळेनात, कारण ते पेशंटला ‘तुझं कोलेस्टेरॉल तुझ्या भावापेक्षा बरं आहे’ असं सांगायचे. दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. सत्तेचाळिसावं वर्ष, धाकटी बारावीत, आणि हातात दुसरं कसब नाही असं आम्ही समजत होतो.

आणि एका रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, दिगूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, “मी ट्रक चालवणार आहे.” नाडकर्णींना वाटलं, टँकर मागवायचं चाललंय. त्यांनी ठराव मंजूर केला.

पण ते खरंच होतं. कुडाळला मामाचा ट्रक होता, त्यावर ते विशीत सगळ्या सुट्ट्या काढत. हेवीचं लायसन त्यांनी तेव्हाच काढलेलं आणि दर वेळी मुदतीआधी रिन्यू केलेलं, कारण लायसन हेही शेवटी एक लेबलच. त्यांनी भांडुपच्या एका मोटार स्कूलमध्ये महिनाभर पुन्हा हात बसवला, साकीनाक्याच्या एका वाहतूक कंपनीत अर्ज टाकला, गाडी चालवून दाखवली आणि पास झाले. कंपनीचं पत्र आलं. नेमणूक पक्की, फक्त बारा दिवसांनी मेडिकल आणि नशेच्या पदार्थांची तपासणी. ती निर्दोष आली की कामावर हजर व्हा.

इथे त्यांची वाट लागली.

आता हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही. ह्यांच्या लग्नात वऱ्हाडाला पान दिलं नाही म्हणून सासरे आजतागायत नाराज आहेत. मी म्हटलं, “दिगूभाऊ, तुम्हाला कसली भीती? तुम्ही तर काहीच घेत नाही.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “जो घेतो त्याला माहीत असतं, काय निघणार. मी काहीच घेत नाही. माझ्यात जे काय निघेल ते माझं नसणार, आणि ते माझं नाही हे मी सिद्ध कसं करू?”

मी घरी बसून भाषांतराची कामं करतो, त्यामुळे पुढचे बारा दिवस मी त्यांच्या तावडीत होतो.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर तपासलं. त्यांची बायको सुमनवहिनी वर्षभराचा मालवणी मसाला करतात, त्यात खसखस असते, आणि खसखस शेवटी अफूच्या झाडाची. मसाल्याची चार किलोची बरणी आमच्याकडे स्थलांतरित झाली. आम्ही ती सांभाळली, म्हणजे अर्धी केली. मग जायफळ गेलं. ओवा संशयावरून गेला. “घरात बिनसंशयाचं मीठ तेवढं राहिलंय,” सुमनवहिनी मेधाला म्हणाल्या, “आणि मी.”

तिसऱ्या दिवशी त्यांना खोकला झाला. औषध घेईनात, कारण खोकल्याच्या औषधात काय काय असतं ते त्यांना पाठ. रात्रंदिवस खोकायचे आणि प्रत्येक उबळ वहीत नोंदवायचे, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. चौथ्या दिवशी तळमजल्यावर सत्यनारायण होता. तीर्थ हातावर घेण्याआधी त्यांनी गुरुजींना विचारलं, “पंचामृतात काय काय आहे?”

“पाच पदार्थ,” गुरुजी म्हणाले.

“पाचच ना? सहावा काय नाही ना? लिहून द्याल?”

गुरुजींनी आयुष्यात प्रथमच तीर्थाची पळी मागे घेतली.

बागेच्या भिंतीमागे संध्याकाळी काही टोळकी बसतात आणि तिकडून जो वास येतो तो उदबत्तीचा नसतो. दिगूभाऊ तिथून श्वास रोखून जाऊ लागले. वळणापासून वळणापर्यंत एकशे चाळीस पावलं. दुसऱ्या दिवशी शंभराव्या पावलावर ते खाली बसले. दोघांनी धरून आणलं, तर शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, “माका काय हुंगवलंत?” कांदा, असं कळल्यावर तोही वहीत गेला.

सगळ्यात कहर म्हणजे फॉर्म. त्यात एक रकाना होता, ‘अलीकडे घेतलेली औषधे’. दिगूभाऊंना ‘अलीकडे’ हा शब्द मोघम वाटला. त्यांनी मला पुरवणी टाइप करायला बसवलं. अक्कलदाढ काढताना दिलेलं भुलीचं इंजेक्शन. पहिलीत असताना आजीनं सर्दीवर चोळलेली ब्रँडी, बाहेरून. एका शिमग्याला कुडाळात चुलतभावानं थंडाईत भांग घातली होती की नव्हती, याबद्दल स्वतंत्र परिच्छेद. त्या चुलतभावाला मी फोन लावला. तो म्हणाला, “नाय घातलंय. घालणार होतंय, पण ह्याका देऊन फुकट जायत म्हणून ठेवलंय.” हे जसंच्या तसं पुरवणीत गेलं, साक्षीदार म्हणून माझ्या सहीसह.

तपासणीच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. साकीनाक्याला एका लेथ मशीनच्या गाळ्यावर पहिल्या मजल्यावर ते केंद्र होतं. खाली लोखंड कातलं जात होतं आणि वर बाकावर सात-आठ ड्रायव्हर बसले होते. कोणी जौनपूरचा, कोणी साताऱ्याचा. काउंटरवर सायली नावाची मुलगी, नोकरीचा दुसरा आठवडा. तिनं रिकाम्या कपांवर आधीच सगळी लेबलं चिकटवून ठेवली होती, वेळ वाचावा म्हणून.

दिगूभाऊंनी ते पाहिलं आणि मला वाटलं, ते पुन्हा खाली बसतात की काय.

“पोरी, हे कोणाचं?” त्यांनी एक कप उचलला.

“राजेश यादव.”

“यादव कुठाय?”

“येईल ना काका. चहाला गेलाय.”

“माणूस चहाला आणि लेबल इथे? उद्या त्याच्या कपात दुसरा कोणी आला तर? तो तुरुंगात जाईल गो, आणि तू नऊ मिनिटं वाचवलीस म्हणून बक्षीस घेशील.”

सायली आधी चिडली, मग घाबरली, मग वही घेऊन लिहायला लागली. पंधरा मिनिटांत सगळी लेबलं निघाली. अर्ध्या तासात दिगूभाऊ काउंटरच्या आत होते आणि ड्रायव्हर रांगेत उभं राहून आपापलं नाव, वय मोठ्यानं वाचत होते. एकानं आतून कप आणून दिला. दिगूभाऊंनी तो हातात घेतला मात्र, आणि त्याच्याकडे बघून म्हणाले, “भाऊ, अंदर से आयी हुई चीज थंडी कैसी?” त्या गृहस्थानं पिशवीत आणखी काय आणलं होतं ते कळलं नाही, कारण तो जिना उतरून गेला तो परत आला नाही. सायली त्यांच्याकडे शाळेतल्या मुलीसारखी बघत होती.

मग दिगूभाऊंची पाळी आली. कप घेऊन ते आत गेले, आणि पंधरा मिनिटांनी रिकामा कप घेऊन बाहेर आले.

बावीस वर्षं ज्यांनी हजारो लोकांना सांगितलं, ‘लाजू नका, नळ सोडा, डोळे मिटा, गावचा ओढा आठवा’, त्यांना होईना. हे कळल्यावर बाकावरचे सगळे त्यांना तेच सांगू लागले, कारण तासभरापूर्वी त्यांनीच ते सगळ्यांना शिकवलं होतं. “चाचा, नल खोलिए,” जौनपूर म्हणालं. “ओढा आठवा, मामा,” सातारा म्हणालं. दिगूभाऊ लालेलाल. पाणी प्यायले. आणखी प्यायले. मी अकरा ग्लास मोजले. तीन तासांची मुदत होती. पाच मिनिटं उरली असताना आतून आवाज आला आणि बाकावर टाळ्या पडल्या.

बाहेर आले ते कपाकडे बघतच. “ह्यां पाणी आसा,” ते हळूच म्हणाले.

कपाच्या बाजूला एक पट्टी असते. नमुना फार पातळ असला की तिचा रंग बदलत नाही. तो बदलला नव्हता. पातळ नमुना म्हणजे मुद्दाम पाणी पिऊन काहीतरी लपवतोय असा संशय. एकदा पातळ आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी, दुसऱ्यांदा आला तर उमेदवार बाद. हे सायलीला फॉर्मच्या मागे वाचावं लागलं. दिगूभाऊंना तोंडपाठ होतं.

सायलीनं इकडेतिकडे पाहिलं. “काका, थोडासा बदललाय की रंग. मी बदलला म्हणून लिहिते ना. कोण बघतंय?”

मी मनात म्हटलं, देवा, ह्यांना गप्प ठेव. घरात धाकटीची फी थांबली होती, सुमनवहिनींनी पोळीभाजीचे डबे करायला घेतले होते, आणि ही नोकरी गेली तर दुसरा कोणी सत्तेचाळीस वर्षांचा नवा ड्रायव्हर ठेवणार नव्हता. हे त्यांनाही माहीत होतं.

“पातळ लिही,” दिगूभाऊ म्हणाले.

“काका, तुमचं नुकसान होईल.”

“होऊ दे. आज माझ्यासाठी खोटं लिहिलंस तर उद्या हात शिवशिवेल. लिही, मी वाचतो.” आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, नाव, वय, तारीख, वेळ, पातळ. ह्या माणसाला आम्ही इतकी वर्षं नुसते हसत आलो, याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं.

परत येताना आम्ही रिक्षा केली. पवईपर्यंत रिक्षा त्यांच्यासाठी दोनदा थांबवावी लागली, कारण अकरा ग्लास आता कामाला लागले होते. दुसऱ्यांदा परत येऊन बसल्यावर मी विचारलं, “दिगूभाऊ, दुसऱ्या कुठल्याही लॅबनं तुम्हाला डोळे मिटून घेतलं असतं. हा ट्रकच का?”

ते बाहेर बघत होते. “तू दार उघडायचास तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायचास की पेटीकडे?”

“पेटीकडे,” मी म्हटलं.

“मी बेल वाजवली की घरातलं लहान पोर रडायचं. पोराचं सोड, मोठी माणसंही कसनुशी व्हायची. बावीस वर्षांत माझी वाट कोणी बघितली नाही रे. बघितली ती रिपोर्टची, आणि तीसुद्धा आज नको, उद्या येऊ दे अशी. गावाला मामाचा ट्रक घर बांधायला चिरे घेऊन शिरला ना, की ज्याचं बांधकाम चाललंय तो धावत रस्त्यावर यायचा. मामाला मिठी मारायचा. चिऱ्यांना नाही, मामाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही पुन्हा केंद्रावर. डोळ्यांच्या तपासणीसाठी कालचे काही ड्रायव्हरही आले होते. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कप घेऊन आत गेले आणि लगेच दार किलकिलं करून म्हणाले, “बॉर्डरलाइन, बाहेर लई शांत आहे. सगळी ऐकतायत असं वाटतं. काहीतरी बोल मोठ्यानं.”

सुचेना. मी पाढे म्हणायला लागलो. बारापर्यंत एकटाच म्हणत होतो, तेराला साताऱ्याचा ड्रायव्हर मिळाला, चौदाला यादव हिंदीतून, पंधराला सायली. खालच्या गाळ्यातला लेथवाला वर येऊन बघून गेला. सतराच्या पाढ्याला मी नेहमीसारखा गडबडलो. “सतरा साते एकशे...” म्हणून थांबलो, तर दारापलीकडून आवाज आला, “एकोणीस, मेल्या,” आणि दिगूभाऊ भरला कप घेऊन बाहेर आले. पट्टीचा रंग बदलला होता. सायलीनं लेबल त्यांच्यासमोर लिहिलं आणि त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. काहीही निघालं नव्हतं. कांदासुद्धा नाही. दिगूभाऊ कामावर हजर झाले आणि उरलेली मसाल्याची बरणी परत घेऊन गेले. आत डोकावून, “हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतंय,” एवढंच मेधाला म्हणाले.

पुढचे काही महिने ते भिवंडीच्या गोदामातून जवळच्या फेऱ्या करत होते. एप्रिलात त्यांना पहिली लांबची खेप मिळाली. एका दुपारी मी काम करत असताना त्यांचा फोन आला. मागे बराच गलका होता.

“अकोल्याच्या पुढे आहे रे, तालुक्याच्या गावाला. कूलर आणलेत. इथे ऊन असं, की स्टिअरिंगला हात लाववत नाही. दुकानासमोर सकाळपासून माणसं उभी होती. बाया, म्हातारे, सगळी. मी वळण घेतलं तर ओरडायला लागली, आला, आला म्हणून. मी आधी आरशात बघितलं, मागून कोण मंत्री येतोय की काय.”

“मग?”

“मग काय, मीच होतो. आता उतरवतायत. मला सावलीत खुर्ची दिली आणि दुकानदाराची आई घरातून चहा घेऊन आली. एवढ्या उन्हात चहा. म्हणाली, घ्या भाऊ, लांबून आले. कप अजून हातातच आहे.”

“तुम्ही बाहेर चहा घेता? मी कधी बघितलं नाही.”

“घेतो की. पण विचारणार कोण? माझ्या कामात सगळं घर उपाशी. सुई टोचेपर्यंत चहा करत नाहीत, आणि टोचली की मी निघायचो. रोज सकाळी आठ-दहा घरं. दार लागलं की मागून कपबशीचा आवाज यायचा. लोक वाईट नव्हते रे. त्यांना भूक लागलेली असायची.”

माझे बाबा आजारी होते त्या शेवटच्या वर्षी दिगूभाऊ दर सोमवारी सकाळी आमच्याकडे यायचे. बाबांचा हात ते आपल्या मांडीवर घेऊन बसायचे, सुई टोचेपर्यंत त्यांच्याशी कुडाळच्या गप्पा मारायचे, आणि दिगूभाऊ निघाले की मी दार लावून चहाचं आधण ठेवायचो. वर्षभर, दर सोमवारी. मला भयंकर लाज वाटली.

“दिगूभाऊ,” मी म्हटलं, “आमच्याकडेसुद्धा तुम्ही...”

“ते जाऊ दे रे,” ते म्हणाले. “ठेवतो आता. चहा निवतोय.”